कापसाच्या गंजीतला शॉट

आमच्या वर्गात तिला पनौती म्हणायचे, आणि ते नाव तिला मीच ठेवलं होतं.

वर्ध्यात तेव्हा चित्रपटाचा कोर्स नवा नवा निघाला होता. दोन हजार सालाच्या पुढची दोन-चार वर्षं धरा. आम्ही मोजून अकरा जण. एक डिजिटल कॅमेरा, तीन हॅलोजन दिवे, एक पाय लुळा पडलेला ट्रायपॉड, आणि आपण सगळ्या जगाला दाखवून देणार आहोत ही प्रत्येकाची पक्की खात्री. दिग्दर्शन सगळ्यांनाच हवं असायचं, त्याखालोखाल कॅमेरा. प्रॉडक्शन, म्हणजे जेवणखाण, गाड्या, परवानग्या, पाण्याचे कॅन आणि उरलेली सगळी उस्तवार, कोणालाच नको असायची. ती म्हणाली, "मी करते." आम्ही हुश्श केलं.

तिच्या वडिलांचं सिंदी मेघेत दुकान होतं. अर्ध्या भागात किराणा, अर्ध्या भागात खिळे, तारा, जाळ्या, रंगाचे डबे. शाळेतून आली की ती तिथेच स्टुलावर बसून अभ्यास करायची. दुकानात वाढलेल्या माणसाला वस्तू दिसण्याआधी ती पडताना दिसते, असं ती एकदा म्हणाली होती. वरच्या फळीवरचा डबा कोणाच्या पायावर येईल, हे तिला गिऱ्हाईक आत शिरतानाच कळायचं म्हणे. मला तेव्हा ते फुशारकीचं बोलणं वाटलं.

तिच्याजवळ एक शंभर पानी वही असायची. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहायचं, काय होऊ शकते. उजवीकडे लिहायचं, मग काय करायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात असला विषयच नव्हता. आमचे एक सर तर वरून शॉट कसा घ्यायचा ते दाखवायला खांद्यावर कॅमेरा घेऊन पाण्याच्या टाकीची शिडी चढले होते, आणि आम्ही खालून टाळ्या वाजवल्या होत्या. ती तेवढी टाळ्या न वाजवता शिडीचा खालचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती.

माझं आणि तिचं पहिलं भांडण बोरगाव मेघेत झालं. एका मोकळ्या प्लॉटवर मोठं झाड होतं, त्याखाली मला धुराचा प्रसंग घ्यायचा होता. दोन दिवस मी गोवऱ्या आणि धूप जमवत होतो. ती आली, मान वर केली, आणि म्हणाली, "धूर नाही करायचा." वर आग्या मोहोळ लटकत होतं. मी म्हणालो, एवढ्या उंचीवर कुठे धूर जातो? ती म्हणाली, धूर वरच जातो. मी चिडलो. मला चिडायला तेव्हा फार वेळ लागत नसे, आताही लागत नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, आपण सिनेमा करतो आहोत, दवाखाना चालवत नाही." सगळे हसले. तीही हसली, आणि गोवऱ्यांचं पोतं उचलून रिक्षात टाकलं. त्याच दिवशी तिचं बारसं झालं.

तिच्या कामाची गंमतच अशी होती की ते नीट झालं की काहीच व्हायचं नाही. आणि काहीच झालं नाही की आम्ही म्हणायचो, पाहा, उगाच घाबरवत होती. तुरीच्या शेतात बसायच्या आधी ती पऱ्हाटीचा ढीग, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा ढीग, काठीनं बडवून घ्यायची. साप निघाला नाही की आम्ही तिच्याकडे बघून फणा काढायचो. मे महिन्यात अकरा ते पाच शूटिंग बंद म्हणजे बंद. पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवायची, प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा बांधायला लावायची, मीठ-साखरेचं पाणी समोर उभं राहून पाजायची. आमचा कॅमेरावाला ते पाणी तोंडात धरून झाडामागे जायचा आणि थुंकायचा. एक दिवस त्याला उन्हानं भोवळ आली. तिनं मोपेडवर त्याला मध्ये बसवलं, मागे त्याला धरायला मला बसवलं आणि थेट सेवाग्रामच्या दवाखान्याच्या बरोबर त्या फाटकातून आत घातलं, जिथून तातडीचे पेशंट नेतात. मी विचारलं, तुला हे फाटक कसं माहीत? ती म्हणाली, मागच्या आठवड्यात येऊन पाहून गेलते. आजारी कोणी नसताना दवाखान्याचं फाटक पाहून ठेवणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. पण मी तिचं कौतुक केलं नाही. शूटिंगचा दिवस बुडाला म्हणून धुसफुसत बसलो.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा एक चित्रपट करायचा होता. माझा चित्रपट एका जिनिंगमधल्या कामगार बाईवर होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, आमच्या जिल्ह्यात गावोगाव असतो तसा. चित्रपट बारा मिनिटांचा, पण खरं सांगायचं तर तो सगळा एका शॉटसाठी लिहिला होता. दमलेली बाई दुपारी कापसाच्या गंजीत झोपते, आणि तिच्यावर हळूहळू कापूस पडत राहतो, पडत राहतो, शेवटी पांढऱ्याशुभ्र पडद्यावर फक्त तिचा चेहरा उरतो. हा शॉट मी रोज रात्री डोळे मिटून पाहत असे. तो मिळाला तर चित्रपट, नाहीतर नुसती बारा मिनिटं, असं माझं ठाम मत होतं.

ती बाई म्हणजे माझी आई. नाटकातल्या दोन बायका पाहिल्या होत्या, पण त्या कापूस हातात घ्यायच्या तेव्हा फुलं घेतल्यासारखा घ्यायच्या. आईचं माहेर सेलूकडचं, शेतीवाल्यांचं. लग्नाआधी तिनं दहा-बारा हंगाम कापूस वेचला होता. मी तिला विचारलं तर म्हणाली, "मले काय येते बाप्पा त्यातलं?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं जुनी दोन लुगडी काढून धुवायला टाकली.

जिनिंग मिळवली तिनंच, आमच्या पनौतीनं. हिंगणघाटकडच्या एका शेठजींशी तिच्या वडिलांची दुकानदारीतून ओळख होती. शेठजी म्हणाले, संक्रांतीला मजूर सुट्टीवर जातात, मशीन बंद असते. तो एक दिवस घ्या. अट एकच. आमचा जमादार म्हणेल ते ऐकायचं.

जमादार साठीचा, काटक माणूस. पांढरा पायजमा, आणि सदऱ्याची उजवी बाही थेट खांद्यापर्यंत गुंडाळलेली. डावी मात्र मनगटापर्यंत नीट बटण लावलेली. फाटकातच त्यानं आमच्या काडीपेट्या, लायटर, बिड्या एका डब्यात जमा करून घेतल्या. मग एकेकाला पाय वर करायला लावून चपलांचे तळवे पाहिले. "खिळा असन तं काढून ठेवा. फरशीवर घासला का ठिणगी पडते." आम्ही एकमेकांकडे पाहून हसू दाबत होतो. ती मात्र खूश. वर्षभरात पहिल्यांदाच तिला तिच्यासारखं माणूस भेटलं होतं. पाच मिनिटांत वही उघडून ती त्याच्यामागे मागे फिरायला लागली, आणि तो बोलेल ते लिहून घ्यायला लागली.

आवारात घराएवढ्या उंच गंज्या होत्या. पांढऱ्या रंगाला इतका वजनदारपणा असतो हे मी तिथे पाहिलं. दर दहा पावलांवर लाल बादल्या, पाण्याचे ड्रम. जमादार चालता चालता मध्येच थांबायचा, एखाद्या गंजीत उजवा हात खांद्यापर्यंत खुपसायचा, थोडा वेळ तसाच उभा राहायचा, मग हात बाहेर काढून नाकाशी धरायचा. सुट्टी असो की नसो, दिवसातून चार वेळा तो असा सगळ्या गंज्यांवरून फिरत असे. ती त्याला कारण विचारत होती, तो सांगत होता, आणि नंतर तिनं आम्हाला सगळ्यांना एकत्र बसवून ते वहीतून वाचूनही दाखवलं. मी तेव्हा कॅमेऱ्याला डोळा लावून बसलो होतो. कानावर शब्द पडत होते, पण मी ऐकत नव्हतो. पुढचं सगळं त्यातून झालं.

मला उंच गंजी हवी होती. जमादार म्हणाला, "उंच गंजी ढासळते. माणूस अंदर गेला का आवाज सुदिक बाहेर येत नाई." त्यानं कोपऱ्यातली एक बुटकी, कमरेएवढी गंजी दिली. मी तोंड वाकडं केलं, पण कॅमेरा खाली ठेवला की ती उंच दिसते हे लक्षात आलं आणि गप्प बसलो. दिव्यांचं तिनं पाहिलं. प्रत्येक दिवा गंजीपासून दहा हात लांब. प्रत्येक स्टँडच्या पायावर रेतीची पिशवी. प्रत्येक दिव्याच्या तोंडावर बारीक तारेची जाळी, तिच्या वडिलांच्या दुकानातून कापून आणलेली. आणि आणखी एक गोष्ट तिनं बजावून सांगितली होती, की हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही, कोऱ्या कागदात धरायचा. बोटांचं तेल लागलं की तो तापल्यावर फुटतो.

सकाळ छान गेली. आईनं सकाळभर कापूस उचलला, पसरवला, डोक्यावर गाठोडं घेऊन चालली, आणि एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. जमादारानं तिच्या नाकातोंडावर ओला फडका बांधायला दिला होता, शॉटपुरता काढायचा आणि परत बांधायचा. कापसाची बारीक रुई घशात बसते म्हणून जिनिंगमधली माणसं गूळ खातात, तो त्यानं सगळ्यांना वाटला. मला वाटलं, सगळं जुळून येतंय.

दोनच्या सुमारास आमच्या पनौतीनं जेवायची सुट्टी केली. आवारात खायचं नाही, म्हणून सगळे फाटकाबाहेर. आईनं घरून तिळगुळाचा डबा आणला होता. प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवून तिनं गोड बोलायला सांगितलं, आणि मला सांगताना जरा जास्तच जोर दिला. सगळे हसले. मी लाडू तोंडात टाकला आणि कॅमेरावाल्याला घेऊन आत परतलो. ऊन कलायला लागलं होतं आणि मला तो शॉट उजेड असेपर्यंत हवा होता.

एक दिवा बंद पडला होता. मी बल्ब बदलला. तिळगुळानं चिकट झालेल्या, तिळाच्या तेलानं माखलेल्या बोटांनी बदलला. कागदाची आठवणच झाली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवण झाली होती. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून मी तो धरला. मग दिवा लावला तर जाळीची सावली कापसावर पडत होती, चौकटी चौकटी. मी जाळी काढली. उजेड कमी वाटला म्हणून स्टँड चार हात पुढे घेतलं.

पाचेक मिनिटं झाली असतील. फाट् असा आवाज झाला आणि तापलेली काच उडाली. गंजीच्या वरच्या थरावर आग सुर्रकन धावली, पाहता पाहता दोन हात पुढे गेली. कॅमेरावाल्यानं एक लाल बादली ओतली, मी दुसरी. विझली. दोन मिनिटांचा खेळ. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि आता लिहितानाही लाज वाटते, पण आम्ही टाळी दिली. वा, काय वेळेवर विझवली! मग मी शेजारचा कोरा कापूस ओढून काळ्या डागावर पसरवला. कॅमेरावाला म्हणाला, "तिला सांगू या का?" मी म्हणालो, "सांगितलं तर जमादार आत्ताच्या आत्ता बाहेर काढेल. पुन्हा अशी संधी पुढच्या संक्रांतीला. काही झालं नाही ना? मग झालं." त्यानं रिकाम्या बादल्या ड्रममधून भरून जागेवर ठेवल्या.

सगळे परतले. मी म्हणालो, एक बल्ब उडाला, दुसऱ्या दोन दिव्यांवर काम चालवू. तिनं उघड्या स्टँडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण मी कॅमेऱ्यात तोंड घातलेलं होतं. आईला मी गंजीत झोपवलं. चौकट तीच होती, त्यामुळे जागाही जवळजवळ तीच. डागापासून फार तर दोन हातांवर. माझ्या हिशेबी आग विझलेली होती. डोळ्यांनी पाहिली होती मी विझताना.

मग कापूस टाकणं सुरू झालं. एकदा टाकला, मला पसंत पडला नाही. पुन्हा टाकला. कोणीतरी खोकलं, मी ओरडलो. कॅमेरावाल्याचा हात हलला, मी ओरडलो. या सगळ्यात अर्धा तास गेला, आणि आई गळ्यापर्यंत कापसात पडून होती, डोळे मिटून, मी सांगितलं होतं तशी.

अखेर सगळं तयार झालं, आणि तेवढ्यात पनौती चौकटीत आली. प्रत्येक शॉटच्या आधी ती नटनट्यांजवळ जाऊन काही त्रास होतोय का ते विचारायची, हा तिचा नियम होता. मी म्हणालो, "बाजूला हो. शॉट तयार आहे." ती हलली नाही. आईच्या उशाशी उकिडवी बसली आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोलायला लागली.

"काकू, बरं वाटून राह्यलं नं?"

"हो हो. बरं हाये. घ्या तुमी."

दुसरी कोणी असती तर उठली असती. मी तर असतोच. आईनं बरं आहे म्हटलं होतं, आणखी काय हवं? पण ती बसून राहिली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. जानेवारी होता, त्या आठवड्यात थंडीची लाट होती, आवारात दुपारीही गार वारं सुटलं होतं, आम्ही सगळे स्वेटर घालून उभे होतो. तिनं पदर नीट करायच्या निमित्तानं आईच्या खांद्याला हात लावला आणि सहज विचारलं, "थंडी वाजत असन नं काकू? शाल देऊ?"

"थंडी कायची बाप्पा!" आई डोळे न उघडता म्हणाली. "खालून मस्त शेकल्यावानी लागून राह्यलं."

मी ते ऐकलं, आणि मला काहीही वाटलं नाही. दिव्यांची ऊब असेल असंही वाटलं नाही. मला फक्त वाटलं, ही उठत का नाही आता. तिनं मात्र आईच्या पाठीखाली हात घातला, कोपरापर्यंत. आणि तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. ती ओरडली नाही. "काकू, उठा जरा," एवढंच म्हणाली, आणि आईच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उचलून बाहेर ओढलं. कापूस सगळीकडे उडाला. माझा अर्ध्या तासाचा कापूस.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पनौती हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जमादार भाऊ!" अशी हाक मारली आणि आईला चार गंज्या पलीकडे नेऊन बसवलं.

जमादार आला. उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. बराच वेळ तसा उभा राहिला. हात काढून वास घेतला, आणि शांतपणे मला विचारलं, "इथं काई झालतं का?"

कॅमेरावाला माझ्याकडे पाहत होता. आईही. मी सांगितलं.

"पानी टाकलं?"

"हो."

"वरतं कापूस पांघरला?"

"हो."

तो रागावला नाही. ते बरं की वाईट हे मला अजून कळलेलं नाही. तो म्हणाला, "पोट्टेहो, कापूस पानी पेत नाई. वरतं टाकलं का घरंगळून जाते. आन आग वरतं राहातच नाई, अंदर चालते. जाळ नाई, धूर नाई. तुमाले वाटते इझली. चार घंट्यानं समजलं असतं, मंग बंबाच्या बापाले आयकली नसती." हेच त्यानं सकाळी सांगितलं होतं. हेच तिनं वाचून दाखवलं होतं.

पुढचे दोन तास आम्ही ती गंजी हातांनी उपसली. फावडं नाही, खुरपं नाही, लोखंड आत घालायचं नाही. कवेत कापूस घ्यायचा, मोकळ्या जागेत नेऊन पातळ पसरवायचा, चाचपायचा, परत यायचं. जमादार प्रत्येक कवेत हात घालून पाहत होता. ती एका ओळीत सगळ्यांना उभं करून हातोहात कापूस बाहेर काढत होती आणि मधूनमधून प्रत्येकाच्या तोंडावरचा फडका ओला करत होती. माझ्याही. दीड हात खाली गेल्यावर तपकिरी कापूस लागला, मग काळा, आणि वारा लागताच त्या काळ्यात लाल ठिपके उघडझाप करायला लागले. ते बीळ तिरकं गेलं होतं. ज्या बाजूला आईची पाठ होती त्या बाजूला. मी वीत लावून पाहिली नाही, धीर झाला नाही. पण ते जवळ होतं. जमादारानं तो सगळा कापूस घमेल्यात घेतला, ड्रममध्ये नेला आणि पाण्याखाली दोन्ही हातांनी दाबून धरला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

मग ऊन गेलं. कॅमेरा पिशवीत गेला.

शेठजींना जमादारानं फोन केला. दिवा फुटला, घमेलंभर कापूस गेला, बाकी ठीक आहे, असं सांगितलं. कोणाच्या हातून, ते सांगितलं नाही.

फाटकाजवळच्या बाकावर आई बसली होती. लुगड्याला कापूस चिकटलेला, हातात जमादारानं दिलेला गुळाचा खडा. मी तिच्यासमोर उभा राहिलो. भीती लपवायला मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. आवाज चढवला.

"गरम लागत होतं तं बोलली काऊन नाई?"

आईनं गुळाचा खडा दुसऱ्या हातात घेतला. "पयले वाटलं, लाइटाची गरमी असन," ती म्हणाली. "मंग लय लागाले लागलं. बोलावं वाटलं. पण तू चिडला असता."

बाकी सगळे दूर सामान भरत होते. ती तेवढी जवळ होती, वायरची गुंडाळी करत. तिनं ऐकलं. मी खाली मातीत बसलो. आईच्या पाठीखाली विस्तव होता, आणि तिला त्याच्यापेक्षा माझं भय जास्त वाटत होतं. मी तिचा मुलगा. मला रडू आलं आणि मी रडलो.

परतताना टेम्पोत मी वाट पाहत होतो, की आता ती म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणायचा तिचा हक्क होता. बल्ब, जाळी, दहा हात, सगळं तिनं सांगितलं होतं. वर्धा येईपर्यंत ती काही बोलली नाही. नंतरच्या वर्षांतही कधी बोलली नाही. मी पुढे पुष्कळ सेटवर काम केलं, मोठ्या पगाराची, हातात वॉकीटॉकी घेऊन फिरणारी, याच कामासाठी नेमलेली माणसं पाहिली. त्यांच्याकडे छापील तक्ते असतात, सह्या घेतात. "बरं आहे" हे उत्तर ऐकून उठून न जाणारं, शाल देऊ का असं विचारून खरं काढून घेणारं माणूस मला त्यांच्यात फार क्वचित भेटलं. बावीस वर्षांची होती ती तेव्हा. ते तिला कुठून येत होतं, मला माहीत नाही. दुकानातून येत असेल, पण आमच्या वर्गात दुकानदारांची आणखी तीन मुलं होती.

आठवड्यानं जमादाराचा निरोप आला. त्या पोट्ट्याचा सीन राहिला म्हणे. रविवारी दुपारी मशीन बंद असते, छोटी गंजी मोकळी करून देतो, दिवे नाही आणायचे, सूर्याच्या उजेडात घ्या. आणि अट तीच, थोडी वाढवून. "ते पोरगी येत असन तं या. नाईतं नका येऊ."

तो निरोप घेऊन ती आमच्या घरी आली होती. मी आनंदानं उडालोच. ती म्हणाली, मी येईन, आणि आईनं दिलेला चहा घेऊन ओट्याजवळ बसली. दोरीवर ते लुगडं धुऊन वाळत होतं, मला ते तेव्हा दिसलं. आईनं ते मला न विचारता धुऊन ठेवलं होतं.

"मंग कधी घेतो तो सीन?" आईनं मला विचारलं. "रविवारी का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. तिनं कप खाली ठेवला.

"काकू," ती म्हणाली, "त्याच्याकडं नका पाहू. माह्याकडं पाहा. तुमाले तिथं पुन्हा झोपाचं हाये का?"

आईनं सवयीनं आधी माझ्याकडेच पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बशीकडे.

"नाई," आई म्हणाली. "मले भेव लागते."

आई मला कशाला तरी नाही म्हणते आहे, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो पांढरा पडदा आला, त्यातला तो चेहरा आला, आणि घशाशी नेहमीचा संतापही आला. तो मी गिळला. सोपं गेलं नाही.

"बरं," मी म्हणालो. "नको घ्यायला."

आईनं माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. मी चिडलेलो नाही याची तिला खात्री पटली, आणि मग तिनं उरलेला चहा बशीत ओतला.